आधी कान, मग जीभ

परक्या भाषेचा उच्चार चुकला की आपण दोष जिभेला देतो. कान सर्व ध्वनी जसेच्या तसे टिपतो, हे त्यामागचे गृहीतक आम्हांस मान्य नाही. त्रुबेत्स्कॉय या भाषावैज्ञानिकाने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली होती. परके बोलणे आपण या चाळणीतूनच ऐकतो.

ही चाळणी फार लवकर तयार होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या १९८४च्या संशोधनात इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत होती; दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना ते जमेना. आपणही याला अपवाद नाही. इंग्रजीतील बंडी आणि पश्चिम दिशा या अर्थांचे दोन शब्द आपल्यापैकी अनेकांना सारखेच, 'वेस्ट' असे ऐकू येतात.

मात्र जितका ध्वनी अनोळखी, तितका तो ऐकणे अवघड, असेही नाही. कॅथरीन बेस्ट व सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले की, झुलू भाषेतील टाळूवर जीभ वाजवून काढलेले निरनिराळे ध्वनी इंग्रजीभाषक प्रौढांनाही चांगले ओळखता येतात. स्वभाषेतील कोणत्याच वर्णाशी त्यांचे साम्य नसल्याने ते कोणत्याही जुन्या खणात पडत नाहीत. फसवतो तो जवळचा ध्वनी.

म्हणूनच 'ण'च्या जागी 'न' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात हसणे आम्हांस अन्यायाचे वाटते. वऱ्हाडी वा आगरी बोलणाऱ्या घरात 'पानी' हाच रूढ उच्चार असतो. तो त्या बोलीच्या व्यवस्थेचा भाग आहे, आळस किंवा अज्ञान नव्हे. प्रमाणभाषेचा उच्चार शिकवायचा तर जरूर शिकवावा, पण आरंभ कानापासून करावा. १९९१ साली जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' असलेल्या शब्दजोड्या अनेक वक्त्यांच्या आवाजांत ऐकवून, प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले गेले. त्यांची ओळख सुधारली. म्हणजे प्रौढ वयातही कान शिकतो. प्रश्न एवढाच की, चूक दाखवण्यापूर्वी फरक पुरेसा ऐकवण्याइतका धीर आम्हां शिक्षकांकडे आहे का?