पगार डॉलरमध्ये, बूड ट्रॉम्बेत

"परत आलो, पण नोकरी अमेरिकेतलीच. पगारही तिकडच्याच खात्यात. मग इथे कसला टॅक्स?" हे तर्कट हल्ली फार ऐकू येतं. साफ चूक! पगार कुठल्या खात्यात पडला याला महत्त्व नाही. काम कुठे बसून केलं, याला आहे. ट्रॉम्बेत बसून कोड लिहिलात, की तो पगार भारतातलाच. 'आरएनओआर'ची सवलत तिकडच्या व्याजाला, भाड्याला. तीही काही वर्षांपुरतीच. दोन्हीकडे टॅक्स बसेल ही भीती? त्यासाठी भारत-अमेरिका करार १९८९ सालीच झालाय. शेजारच्या बीएआरसीवाल्याचा टॅक्स पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. रस्ते दोघांचे तेच. मग पैसे फक्त त्यानेच का भरायचे, साहेब?