रिकाम्या गाडीची थरथर

अथणी तालुक्यातून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. घरात एक पिकअप आहे, तिचे हप्ते अजून फिटायचे आहेत आणि त्या गाडीवर दोन भावांचे संसार चालतात. यंदा बेदाणा भरून यजमान आणि धाकटे दीर उज्जैनला निघाले. महाकालेश्वराचं दर्शन होईल म्हणून या ताईही केबिनमध्ये बसल्या. धुळे, सेंधवा, इंदूर असा आठ-नऊशे किलोमीटरचा रस्ता. भरलेली गाडी अगदी शांतपणे गेली. उज्जैनात माल उतरला, दर्शन झालं, गाडी रिकामी परत निघाली आणि ताशी पन्नास-पंचावन्नच्या पुढं मागच्या बाजूनं थरथर सुरू झाली. दीर म्हणाले, "गाडी हिंद नडगाकत्तैति." तिथल्या एका दुकानात चारी चाकांचं बॅलन्सिंग केलं, फरक पडला नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं हाऊसिंग उघडून क्राऊन-पिनियन बदलायला सांगितलं आणि मोठी रक्कम मागितली. यांनी नको म्हटलं आणि चाळीसच्या वेगानं रडतखडत घरी आले. आता यजमान म्हणतात गाडी काढून टाकू, दीर म्हणतात काम करून घेऊ, आणि घरात अबोला आहे. ताईंचा प्रश्न एवढाच, की ही थरथर नेमकी कशाची?

ताई, गाडी विकायची घाई करू नका. आपल्याकडे कन्नडमध्ये म्हणतातच, "आतुरगारनिगे बुद्धि मट्ट." उतावळ्याची बुद्धी तोकडी. गाडीच्या मागच्या थरथरीत तर हे फार खरं ठरतं, कारण एकच लक्षण सहा-सात निरनिराळ्या कारणांनी दिसतं. विचारपूस न करता सुटे भाग बदलत बसलं की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते. पैसे जातात, थरथर राहते.

चांगला वैद्य नाडी बघण्याआधी चार प्रश्न विचारतो. गाडीलाही तेच विचारायचे. कोणत्या वेगाला होतं? रिकामी असताना की भरलेली असताना? ॲक्सिलरेटर दाबल्यावर की पाय उचलल्यावर? ब्रेक मारल्यावर होतं का? ही उत्तरं चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाला जास्त नीट टिपता येतात. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं आणि असायलाच हवं. म्हणून ही वही घरच्या बाईनं हातात घ्यावी असं मला वाटतं.

आधी शब्द ठरवून घेऊ. आपण 'गाडी हलते' असं मोघम म्हणतो, आणि मिस्त्री त्याचा त्याला सोयीचा अर्थ लावतो. कन्नडमध्ये मात्र तीन वेगळे शब्द सहज तोंडात येतात. 'नडगतैति' म्हणजे बारीक थरथर. 'अलगाडतैति' म्हणजे काहीतरी सैल होऊन डुलणं. 'सप्पळ बरतैति' म्हणजे आवाज येणं. मिस्त्रीला सांगताना हा फरक आपल्या मराठीतही करावा. उज्जैनसारख्या परमुलखात तर नक्कीच करावा. हिंदी मुलखातले पुष्कळ मिस्त्री पाट्यांना कमानी म्हणतात आणि शाफ्टच्या क्रॉसला गुटका म्हणतात. "गुटका खराब है" असं कोणी म्हटलं तर तो तुमच्या व्यसनावर बोलत नसतो!

आता वेगाचा हिशेब बघा. पंधरा इंची रिमच्या पिकअपचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे साडेचारशे आणि सेकंदाला सात-आठ फेरे घेतं. चाकात दोष असेल तर त्याचे हबके सेकंदाला सात-आठ, जवळजवळ मोजता येतील असे. इंजिनकडून मागच्या हाऊसिंगकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या चौपट किंवा त्याहून जास्त वेगानं फिरतो, म्हणजे सेकंदाला तीसच्या वर फेरे. त्याचा दोष मोजता येत नाही. सीट गुणगुणते, पायाखालचा पत्रा झिणझिणतो, मुंग्या आल्यासारखं वाटतं. हबका असेल तर आधी चाक बघा, झिणझिण असेल तर आधी शाफ्ट बघा. हातातलं स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढचा भाग, बसलेली सीट हलत असेल तर बहुधा मागचा, हा एक जुना पण उपयोगी ठोकताळा.

पुढची परीक्षा गिअरची. सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगानं आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवा. वेग तोच, पण इंजिनचे फेरे बदलले. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष सुटले. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. थरथर लगेच कमी-जास्त झाली तर शाफ्ट, त्याचे क्रॉस किंवा पिनियन यांच्याकडे बोट जातं, कारण ओढ फक्त त्यांच्यावर असते. पाय उचलून काहीच फरक पडला नाही तर चाक, रिम, टायर. फक्त ब्रेक मारल्यावर मागचा भाग हलत असेल तर ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही, असं समजावं. या परीक्षा घाटात करू नयेत. परतीच्या वाटेवर धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथं फक्त खालचा गिअर आणि संयम.

मग गाडी उभी करून बघायच्या गोष्टी. चाकांचे नट घट्ट आहेत का? टायरला कुठं फुगा आला आहे का? रिमच्या आतल्या अंगाला चिखलाचा गोळा वाळून चिकटला आहे का? माळव्याची माती आपल्या कृष्णाकाठासारखीच काळी आणि चिकट. रिमला एका बाजूला पावशेर माती चिकटली तरी उत्तम बॅलन्स केलेलं चाक हबके देतं. ॲक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट सैल आहेत का? पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागेपुढे सरकला आहे का? क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची पूड दिसते का? ती दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया झिजू लागल्या आहेत असं समजा. लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे असतात आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. त्याचं रबर फाटलं तर गाडी जागेवरून उचलताना मागून हिसके बसतात. हे बघताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले असावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी क्षणभरही, जाऊ नये.

आता ताईंच्या गाडीकडे येऊ. त्यांची उत्तरं अशी : वेग पन्नास-पंचावन्नच्या पुढं. पाय उचलला की कमी. ब्रेकशी संबंध नाही. सीट झिणझिणते, स्टिअरिंग शांत. यावरून शाफ्टकडे बोट जातं. पण खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. गाडी भरलेली असताना शांत आणि रिकामी झाल्यावर थरथरते. क्राऊन-पिनियन खराब असतं तर भरल्या गाडीत, चढावर, ते आधी ओरडलं असतं. आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं, ताईंनी लिहिलं आहे : "निघण्याआधी माल जास्त बसावा म्हणून मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले होते." ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती, आणि उज्जैनच्या मिस्त्रीलाही सांगायला हवी होती.

पाटे वाढवले की रिकामी गाडी मागून उंच होते. हाऊसिंग खाली आणि गाडीचा सांगाडा वर, त्यामुळं शाफ्टचा कोन वाढतो. क्रॉस जॉइंटचा एक उपजत स्वभाव आहे. हा सांधा सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जातो. तो सरळ रेषेत असला तर फिरणं एकसारखं पुढं देतो. कोनात असला तर एका फेऱ्यात पुढचा भाग दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन दुप्पट झाला तर हा चढउतार सुमारे चौपट होतो. म्हणूनच शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात. एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि शाफ्टचे दोन्ही फोर्क एका रेषेत असतील तरच. शाफ्ट खोलताना खूण न करता पुन्हा जोडला तर फोर्क चुकतात आणि चांगली गाडी थरथरू लागते, हेही लक्षात ठेवा.

माल भरला की पाटे दबतात, कोन पूर्वीसारखा होतो आणि गाडी शांत होते. म्हणून जाताना काही कळलं नाही. उज्जैनात बेदाणा उतरला आणि दोष वर आला. उज्जैनच्या हवेत काही नव्हतं, टायरवाल्यानंही काम वाईट केलं नव्हतं. रोग अथणीहून गाडीबरोबरच गेला होता.

याची खात्री फुकटात होते. घरची सात-आठ क्विंटल पोती परवानगीच्या वजनात मागं रचा आणि त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं गाडी चालवा. थरथर गेली तर निदान पक्कं. मग वाढवलेले पाटे काढून टाका. गाडी मूळ उंचीवर आल्यावरही थोडी झिणझिण उरली तर दोन्ही क्रॉस आणि सेंटर बेअरिंग तपासून घ्या, कारण इतक्या लांबवर वाकड्या कोनात फिरून ते दमले असतील. जाणता कारागीर पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवूनही कोन सुधारतो, पण तो नंतरचा विचार. हाऊसिंगला हात लावायची वेळ त्याच्याही नंतर.

एक गोष्ट मात्र पुढं ढकलू नका. गाडी उचलताना मागून 'खट्ट' आवाज येतो आणि थरथर रोज वाढते, असं असेल तर गाडी तिथंच थांबवा. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं तर धावती गाडी भाल्यावर उडी मारणाऱ्या खेळाडूसारखी उचलली जाऊ शकते. तिथं हप्त्यांचा हिशेब संपतो.

आणि पाट्यांबद्दल स्पष्टच बोलतो. पाटे वाढवल्यानं गाडीची ताकद वाढत नाही, फक्त ती बसत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, टायर तेच राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा दंड लिहिला आहे. एका खेपेतले चार क्विंटल जास्तीचे घेऊन काय मिळवलं, ते घरात बसून एकदा मांडून बघा.

गंमत अशी, की उज्जैनच्या दक्षिणेला, इंदूरच्या पलीकडे पीथमपूर आहे. तिथं ट्रक आणि प्रवासी गाड्या बनतात. तिथल्याच नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा गोल मार्ग २०२१ साली सुरू झाला, आणि गाड्यांचे हादरे जोखण्यासाठी मुद्दाम खडबडीत केलेले रस्तेही आहेत. कंपनी तिथं शाफ्टचा कोन, पाट्यांची संख्या, टायरचं माप यांचा मेळ घालते. आपण गावात एका दुपारी तो मोडतो.

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. आपल्या भागातून पुष्कळ गाड्या जातील. कण्हेरखेडच्या शिंद्यांची राजधानी राहिलेलं ते शहर, मराठी बोलणारी घरं तिथं आजही भेटतात, अडचणीत मदतही होते. पण मालाच्या गाडीत मागं माणसं बसवून जाऊ नका. आणि निघण्याआधी महिनाभरात गाडीवर जे जे काम केलं, ते एका कागदावर लिहून केबिनमध्ये ठेवा. परमुलखातल्या मिस्त्रीच्या हातात आधी तो कागद द्या, चावी नंतर.

यजमान आणि भावजींना हा मजकूर एकत्र बसवून वाचून दाखवा, ताई. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं. काम करायचंच आहे, पण ते चार पाटे काढण्याचं.