दोघींच्या खांद्यावर किती दिवस?

मैत्रिणींनो, आपल्या अंकात क्रिकेट कशाला, असं काहीजणी विचारतील. वस्तीतल्या मुली विचारत नाहीत. मुंबई इंडियन्सच्या मुली यंदा का हरल्या, हे त्यांना तोंडपाठ आहे.

महिला प्रीमियर लीगमध्ये मुंबईने २०२३ आणि २०२५ साली चषक जिंकला. दोन्ही अंतिम सामने दिल्लीविरुद्ध. पण आकडे नीट पाहा. २०२३ला १३४ धावांपैकी ९७ नॅट सिव्हर-ब्रंट आणि हरमनप्रीत कौर या दोघींच्या. २०२५ला १४९ पैकी ९६ याच दोघींच्या. मधल्या, २०२४च्या एलिमिनेटरमध्ये बेंगळुरूविरुद्ध १३६ हव्या होत्या. हरमनप्रीत ३३वर बाद झाली आणि चार गडी हातात असताना संघ ५ धावांनी हरला. २०२६ला नॅटने या स्पर्धेतलं पहिलं शतक ठोकलं, तरी संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. याला मी दुर्दैव म्हणणार नाही. दुसरी फळीच तयार नाही. हरमनप्रीतचा जन्म १९८९चा. २०२७च्या हंगामात नवी भारतीय फलंदाज उभी राहिली नाही, तर मला तिसऱ्या चषकाची आशा वाटत नाही.

ही फळी लिलावात विकत मिळते, असं मालकांना वाटतं. (नाव मुंबईचं, पण वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज खेळते दिल्लीकडून!) ती मैदानात तयार होते. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द थेट बदलापूरपर्यंत येते, सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. निवड चाचणीला जायचं तर किटची बॅग घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरावं लागतं. बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तिथे बॅग कुठे ठेवणार?

आणि सरावाचं काय? उल्हासनगर, अंबरनाथमध्ये आमच्या गटांतल्या मुली सांगतात, मैदान संध्याकाळी मुलांचं. दिवा नाही, संडास नाही. बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर अत्याचार झाला, २० ऑगस्ट २०२४ला लोक रुळावर उतरले. तो संताप रास्तच होता. पण त्यानंतर कित्येक घरांत झालं काय? मुलींना सातच्या आत घरात. गुन्हा दुसऱ्याचा, खेळ मात्र मुलीचा बंद. आईला दोष देऊन भागणार नाही, तिची भीती खरी आहे. मैदान सुरक्षित करणं हे पालिकेचं काम आहे.

तिन्ही गावांत आता लोकनियुक्त सभागृहं आहेत आणि निम्म्या जागा बायकांच्या आहेत. प्रत्येक मैदानावर आठवड्यातले तीन दिवस मुलींसाठी राखीव वेळ, दिवे, पाण्यासह संडास आणि एक महिला प्रशिक्षक, एवढ्या चार मागण्यांचं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. तुमच्या भागातलं मैदान त्यात हवं असेल, तर त्याचं नाव आणि मुलींच्या सह्या घेऊन पुढच्या बैठकीला या.