राज्यगीत सगळ्यांचं, पण रेकॉर्ड कुणाची? शाहीर साबळेंच्या आवाजाचा हिशोब

१९ फेब्रुवारी असो की १ मे, कॉटन ग्रीन स्टेशनच्या बाहेर पडलं आणि काळाचौकी-लालबागच्या दिशेनं चालायला लागलं की कुठल्या ना कुठल्या मंडपातून एक पहाडी आवाज कानावर येतोच. गाणं सगळ्यांना माहीत असतं, 'जय जय महाराष्ट्र माझा'. आवाज शाहीर साबळेंचा. लोक थांबतात, मोबाईल काढतात, व्हिडीओ बनवतात आणि स्टेटसला टाकतात.

यातल्या काहींना नंतर यूट्यूबकडून नोटीस येते की तुमच्या व्हिडीओतल्या गाण्यावर अमुक कंपनीचा हक्क आहे. मग प्रश्न पडतो, जे गाणं राज्यानं आपलं म्हणून स्वीकारलंय, त्यावर कंपनीचा हक्क कसा काय? आणि ज्यानं ते गायलं, त्याचा यात वाटा किती?

उत्तर शोधायचं तर शाहिरांची कारकीर्द आणि रेकॉर्डचा कायदा, दोन्ही बघावं लागतं.

पसरणीचा कृष्णा ते महाराष्ट्राचा शाहीर

कृष्णराव साबळेंचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातल्या पसरणी गावचा. शिक्षणासाठी ते खानदेशात अमळनेरला गेले आणि तिथं त्यांचा साने गुरुजींशी संबंध आला. गाणं नुसतं करमणुकीसाठी नसतं, त्यातून माणसं जागी करता येतात, हे त्यांनी तिथं पाहिलं.

पुढं ते मुंबईत आले आणि त्यांना ऐकणारा माणूस इथं आधीच येऊन बसला होता. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी हा सगळा गिरणगाव. गिरण्यांत साताऱ्याचा माणूस, कोकणातला माणूस, घाटावरचा माणूस तीन पाळ्यांत राबत होता. कॉटन ग्रीनला कापसाच्या गाठी उतरायच्या, कापूस बाजाराच्या इमारतीत सौदे व्हायचे आणि तो कापूस आसपासच्या गिरण्यांत जायचा. कामगार चाळीत आणि गाळ्यात राहायचे. गावाकडचं भारूड, गवळण, जागरण, पोवाडा यांची आठवण त्यांना होतीच. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला, मैदानातल्या सभेला शाहीर हवाच असायचा.

याच गिरणगावानं साबळेंच्या आधी आणि बरोबरीनं मोठे शाहीर ऐकले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ सालचं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा गाजवल्या. नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप आंबेडकरी चळवळीची गाणी घेऊन पुढं आले.

साबळेंनी वेगळी वाट काढली. तमाशाचा बाज घेतला, त्यातला गण ठेवला, बतावणी ठेवली, वग ठेवला आणि विषय आजचा घेतला. याला नाव पडलं मुक्तनाट्य. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय', 'कोंडू हवालदार' ही त्यातली गाजलेली नावं. 'आंधळं दळतंय'मध्ये मुंबईतल्या मराठी माणसाची परवड होती आणि साठच्या दशकातल्या मुंबईत त्या विषयाला किती धार होती हे वेगळं सांगायला नको.

नंतर आली 'महाराष्ट्राची लोकधारा'. वासुदेव, गोंधळी, कोळी, धनगर, वाघ्या-मुरळी अशा राज्यभरातल्या लोककला एकाच रंगमंचावर. लालबागमध्ये वाढलेल्या भरत जाधवनं सुरुवात केली ती याच लोकधारेतून. १९९८ साली शाहिरांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

पोवाडा तासाचा, रेकॉर्ड तीन मिनिटांची

आता रेकॉर्डकडं वळू.

शाहिराचा कार्यक्रम रात्रभर चालतो. एक पोवाडा अर्धा तास, पाऊण तास चालू शकतो. जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला मात्र साधारण तीन ते साडेतीन मिनिटंच मावायची. म्हणजे स्टुडिओत गेलेल्या शाहिराला आपली अख्खी कला त्या तीन मिनिटांत बसवावी लागायची. प्रेक्षकाशी केलेली थट्टा, त्या दिवशीच्या बातमीवर मारलेला टोमणा, झीलकऱ्यांशी चाललेली जुगलबंदी हे सगळं बाहेर राहायचं.

त्यामुळं रेकॉर्डवर काय टिकलं ते बघा. गण, गवळण, भारूड, कोळीगीत, स्फूर्तिगीत. म्हणजे जे छोटं आहे, पुन्हा पुन्हा ऐकता येतं आणि कुठल्याही वर्षी चालतं, ते. साबळेंचं 'विंचू चावला' किंवा 'या गो दांड्यावरून' आजही लग्नात वाजतं ते यामुळंच. आणि मुक्तनाट्यातला साबळे, जो सरकारला, पुढाऱ्याला आणि समोरच्या प्रेक्षकालाही चिमटे काढायचा, तो प्रामुख्यानं संहितेत आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरला.

अमर शेखांच्या बाबतीत तर नुकसान आणखी मोठं आहे. मैदानं भरवणारा तो आवाज आज फार थोड्या ध्वनिमुद्रणांत सापडतो. चळवळीची गाणी कंपनीला विकायची नव्हती आणि चळवळीकडं स्टुडिओचे पैसे नव्हते.

म्हणून 'रेकॉर्ड ऐकली म्हणजे शाहीर कळला' असं होत नाही. रेकॉर्ड म्हणजे शाहिराचा बाजारात चाललेला भाग.

एका गाण्यावर किती जणांचा हक्क असतो?

'जय जय महाराष्ट्र माझा'चं उदाहरण घेऊ. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, गायन शाहीर साबळे यांचं. ३१ जानेवारी २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळानं या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला आणि १९ फेब्रुवारी २०२३ च्या शिवजयंतीपासून ते लागू झालं. मूळ गीतातले दोन चरण घेतले गेले आणि लांबी ठरली १ मिनिट ४१ सेकंद.

भारतात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. त्यानुसार एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात.

• शब्द : कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राजा बढे १९७७ साली गेले. म्हणजे २०३७ संपेपर्यंत.

• चाल : हाच नियम. खळेकाका २०११ साली गेले. म्हणजे २०७१ संपेपर्यंत.

• ध्वनिमुद्रण : इथं नियम बदलतो. रेकॉर्ड प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. हा हक्क कायद्यानं निर्मात्याचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा असतो.

शब्द आणि चालीचे हक्क वारसांकडं असू शकतात किंवा करारानं कंपनीकडं गेलेले असू शकतात. पण या यादीत गायकाचं नाव कुठंच नाही, हे लक्षात आलं का?

गायकाचं नाव यादीत का नाही?

कारण ज्या काळात साबळेंनी त्यांची गाजलेली गाणी गायली, त्या काळात भारतीय कायद्यात गायकाचा असा स्वतंत्र हक्क नव्हताच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देव आनंद यांच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की अभिनेत्याला आपल्या अभिनयावर कॉपीराइट नसतो. गायकांची अवस्था वेगळी नव्हती. गायकाला काय मिळायचं ते कंपनीशी केलेल्या करारावर ठरायचं. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात रॉयल्टीचा मुद्दा लावून धरला तेव्हा मोहम्मद रफींशी त्यांचा वाद झाला होता, हे सर्वश्रुत आहे. लताबाईंसारख्या गायिकेला भांडून मिळवावं लागत होतं, तिथं तमाशाच्या बाजाचं गाणाऱ्या कलावंताची ताकद किती असणार?

कलावंताचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. आणि गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे, ही तरतूद आली २०१२ साली. तोवर साबळेंनी वयाची अठ्ठ्याऐंशी वर्षं ओलांडली होती.

शाहिराचं पोट मुळात कार्यक्रमावर चालायचं. सुपारी, तिकीट, दौरे. शरीर साथ देतंय तोवर उत्पन्न. रेकॉर्ड मात्र कॅसेट झाली, सीडी झाली, मोबाईलवर आली आणि प्रत्येक वेळी नव्यानं विकली गेली.

इंग्लंडमध्ये काय झालं?

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. डस्टी स्प्रिंगफील्ड ही ब्रिटनची मोठी सोल गायिका. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून निघालेलं, पोटातून गायचं संगीत. १९६९ साली आलेला तिचा 'डस्टी इन मेम्फिस' हा अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. आज तो त्या प्रकारातल्या सर्वोत्तम अल्बममध्ये धरला जातो. ती गेली १९९९ साली. म्हणजे नाव मोठं होत राहिलं, रेकॉर्ड विकली जात राहिली आणि गाणारी मात्र नव्हती.

ब्रिटनमध्ये रेकॉर्डची मुदत ५० वर्षं होती. युरोपीय संघाच्या निर्णयानंतर २०१३ साली ती ७० झाली. यातून कंपन्यांचा फायदा झाला, ही टीका झालीच. पण वाढीव २० वर्षांसाठी कंपन्यांवर काही अटी घालण्यात आल्या :

• एकरकमी पैसे घेऊन वाजवून किंवा गाऊन गेलेल्या साथीदारांसाठी कंपनीनं त्या रेकॉर्डच्या उत्पन्नातले २० टक्के बाजूला काढायचे.

• ५० वर्षांनंतर जुनी उचल किंवा खर्च दाखवून गायकाची रॉयल्टी कापायची नाही.

• कंपनी रेकॉर्ड बाजारात आणत नसेल, तर कलावंत नोटीस देऊन करार मोडू शकतो.

तिसरी अट शाहिरांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. कपाटात धूळ खात पडलेल्या रेकॉर्डवर हक्क सांगत बसायचं नाही. वापरा नाहीतर सोडा. भारतात अशी तरतूद गायकासाठी नाही. आपल्याकडं मुदत संपायची वाट बघायची.

मग मुदत संपल्यावर सगळं मोकळं?

अर्धवट.

२०२६ सुरू झालं तेव्हा १९६५ च्या अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या भारतीय रेकॉर्ड्सची ६० वर्षं पूर्ण झाली. दर १ जानेवारीला आणखी एक वर्ष त्यात जमा होतं. पण 'जय जय महाराष्ट्र माझा'सारख्या गाण्यात रेकॉर्डची मुदत संपली, तरी शब्द आणि चाल अजून संरक्षित राहतात.

भारुडाचं तसं नाही. एकनाथ महाराज १५९९ साली गेले. शब्द सगळ्यांचे. चाल पारंपरिक असेल तर तीही सगळ्यांची. म्हणजे रेकॉर्डची ६० वर्षं संपली की ती पूर्णपणे मोकळी. शाहिरांनी गायलेली पारंपरिक लोकगीतं ही अशी पहिली ठेव आहे, जी कायद्यानं जनतेच्या हातात येतेय.

अडचण पुढं आहे. कायदा हक्क मोकळा करतो, प्रत आणून देत नाही. मूळ टेप कंपनीकडं असते, तबकड्या हौशी संग्राहकांकडं. पुस्तक छापलं की त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, असा कायदा १९५४ पासून आहे. रेकॉर्डसाठी तसं बंधन नाही. म्हणून एखादी तबकडी फुटली, तर हक्क मोकळा असूनही हाती काहीच उरत नाही.

आणि आता एआय

२०२३ साली शाहिरांचा नातू केदार शिंदेनं 'महाराष्ट्र शाहीर' हा सिनेमा काढला. त्यातलं 'बहरला हा मधुमास' रील्सवर तुफान चाललं. नव्या पिढीतल्या अनेकांना साबळे हे नाव कळलं ते त्यामुळं. पण ते गाणं अजय-अतुलचं, शाहिरांचं नव्हे. नाव पोचलं, आवाज पोचला असं नाही.

पुढचा धोका त्याच्या उलट आहे. आता दहा-पंधरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगवरून कुणाचाही आवाज तयार करता येतो. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना रोखलं. पण अरिजित कोर्टात जाऊ शकतो. गेलेल्या माणसाचं काय? २०२३ साली सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं अशा व्यक्तिमत्त्व हक्काचा वारसा मान्य केला नव्हता. म्हणजे उद्या कुणी साबळेंच्या आवाजात एखाद्या पक्षाचं प्रचारगीत बनवलं, तर कुटुंबाला अडवणं सोपं जाणार नाही. ज्या माणसानं आयुष्यभर मुक्तनाट्यातून सत्तेला टोमणे मारले, त्याच्या बाबतीत हे जास्तच गंभीर आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

• सरकारी किंवा महापालिकेच्या अधिकृत समारंभात राज्यगीत वाजवलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. कायद्यात तशी सूट आहे.

• रीलला किंवा व्हिडीओला ती सूट लागत नाही. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबच्या स्वतःच्या लायब्ररीतलं गाणं वापरा. नाहीतर व्हिडीओचं उत्पन्न हक्कदाराकडं जाऊ शकतं.

• गाणं टाकताना कवी, संगीतकार आणि गायक, तिघांची नावं लिहा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

• घरात आजोबांच्या काळातल्या तबकड्या किंवा कार्यक्रमाच्या कॅसेट असतील तर भंगारात घालू नका. स्टुडिओत न मावलेला शाहीर सापडला, तर अशाच एखाद्या कॅसेटवर सापडेल.

राज्यगीताचा दर्जा मिळाल्यानं शाहीर साबळेंच्या आवाजाची १ मिनिट ४१ सेकंद सुरक्षित झाली आहेत. बाकीच्या साठ-सत्तर वर्षांच्या गाण्याचं काय करायचं, हे ठरवायला राज्याकडं अजून धोरण नाही आणि जुन्या टेप कुणासाठी थांबत नाहीत.