परिपत्रके पुष्कळ, पण परिचारिका कोठे?

बंगळुरूमध्ये जुन्या विमानतळ रस्त्यावर हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल आहे. इंदिरानगरातील स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक तेथून जवळच, आणि होसूर रस्त्यावरील निम्हान्स आठ-दहा किलोमीटरच्या टापूत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था रेल्वेने काही तासांवर. शहरात मद्रास सॅपर्स, पॅराशूट रेजिमेंट, लष्करी पोलीस अशा अनेक दलांची केंद्रे. ज्या सैनिकाचे मूल स्वमग्न आहे किंवा ज्याला सेरेब्रल पाल्सी आहे, त्याच्यासाठी यापेक्षा अनुकूल शहर देशात क्वचितच सापडेल. तरीही या संस्थांना एकमेकींशी जोडण्याचे काम कोणाचे, असे विचारल्यास प्रामाणिक उत्तर एकच मिळते : त्या मुलाच्या आईचे.

कारण उघड आहे. रुग्णालय संरक्षण मंत्रालयाचे, निम्हान्स आरोग्य मंत्रालयाची, दिव्यांगत्वाचे ओळखपत्र सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतले, आणि शाळा एखाद्या स्वयंसेवी संस्थेची. आमच्या प्रशासनात मंत्रालयांच्या सीमा राज्यांच्या सीमांहून अधिक कडक असतात, हे मी तीस वर्षांच्या केंद्रीय सेवेनंतर सांगू शकतो.

एका लष्करी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात साताऱ्याकडील एका हवालदाराच्या पत्नीशी माझे बोलणे झाले. पती अरुणाचलात, सात वर्षांचा मुलगा शेजारी बाकावर, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत तीन ठाण्यांवरील तीन रुग्णालयांचे कागद. त्या म्हणाल्या, "साहेब, बदली झाली की पहिल्यापासून सांगावं लागतं. डॉक्टर चांगले असतात हो, पण त्यांनाही पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठाऊक नसतं." अर्थशास्त्रात याला व्यवहारखर्च म्हणतात. सेवा मोफत असते. ती शोधण्याचा, जुळवण्याचा आणि पुन्हा पुन्हा सिद्ध करण्याचा खर्च मात्र कुटुंबावर पडतो, आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. तीन वर्षांच्या नेमणुकीत नव्या तपासण्या आणि नव्या रांगा यांत सहा महिने जरी गेले, तरी त्या कालावधीचा सहावा हिस्सा वाया गेला. ज्या वयात मेंदू सर्वाधिक शिकतो त्याच वयात. आरंभीच्या वर्षांतील गुंतवणुकीचा परतावा सर्वांत मोठा, हे जेम्स हेकमन यांनी पुष्कळ मांडले आहे. आमच्या वित्त विभागांना ते मान्यही असते, फक्त टिप्पणी लिहिताना आठवत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. कार्मिक विभागाने जून २०१४ मध्ये, आणि पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिक विस्ताराने, दिव्यांग अपत्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यास नित्याच्या बदलीतून सूट दिली. हे आदेश माझ्यासारख्या नागरी नोकरांसाठी आहेत. सैनिकास सीमेवर जावेच लागते, आणि ते योग्यही आहे. सैन्याच्या अंतर्गत धोरणात विशेष मुलांच्या पालकांचा विचार होतो, लष्करी पत्नी कल्याण संघटनेच्या 'आशा' शाळा आहेत. पण ज्याला आपण बदलीपासून वाचवू शकत नाही, त्याच्या मुलाच्या उपचाराला तरी बदलीपासून वाचवले पाहिजे, हा साधा विचार कोणत्याही नस्तीत मला आढळलेला नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक मोठ्या लष्करी रुग्णालयात एक नामनिर्देशित परिचारिका, जिच्याकडे अशा सर्व मुलांची यादी असेल. जी बदलीचा आदेश निघताच पुढील ठाण्यावरील आपल्या समकक्ष परिचारिकेला दूरध्वनी करील, कागद पाठवील, शाळा व उपचारतज्ज्ञ आधीच पाहून ठेवील. डॉक्टर का नको? डॉक्टर रोग पाहतो, आणि त्याने तेच पाहावे. आठवड्याचा दिनक्रम, औषधांची वेळ, आईची झोप, हे पाहण्याचे शिक्षण परिचारिकेस मिळालेले असते.

अमेरिकेत सैनिकी कुटुंबांसाठी अशी व्यवस्था अनेक दशके आहे आणि तेथे नोंदणी सक्तीची आहे. तीही निर्दोष नाही. २०१८ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दलादलांतील विसंगतीवर बोट ठेवले. शिवाय नोंदणीमुळे बढती अडेल ही भीती आपल्याकडे अधिकच असेल, म्हणून ही यादी रुग्णालयाबाहेर जाता कामा नये.

पहिला आक्षेप असा येईल की परिचर्या अधिकाऱ्यांचीही बदली होते. बरोबर. म्हणूनच हे पद बदली नसलेल्या नागरी परिचारिकेचे असावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात परिचर्या अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतन ₹४४,९०० होते. वर्षाचे पाच लाख अडतीस हजार आठशे. भत्ते धरून ही रक्कम वाढेल, पण वित्तीय सहमतीच्या टेबलावर बसून मी याहून मोठ्या रकमा चहा संपण्यापूर्वी मंजूर होताना पाहिल्या आहेत.

तिसरा आक्षेप कोणी लिहून काढत नाही, पण खरा तोच आहे. परिचारिकेने समन्वय करायचा म्हणजे तिने तज्ज्ञ डॉक्टरला 'या मुलाचा अहवाल कोठे आहे?' असे विचारायचे. आमच्या व्यवस्थेला हे रुचत नाही. १८८८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेल्या दहा परिचारिकांपासून सुरू झालेल्या या सेवेत आज मेजर जनरलपर्यंत पद आहे. त्याच सेवेतील एका अधिकाऱ्यास विवाह केला म्हणून १९८८ मध्ये घरी पाठवले गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ६० लाख रुपये भरपाईचा आदेश द्यावा लागला. ज्या परिचारिकेच्या खांद्यावर आपण तारे लावतो, तिच्या शब्दाला किती वजन देतो?

सैनिक चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो आणि कुटुंब गावी परतते. २००३ पासूनच्या माजी सैनिक आरोग्य योजनेत दिव्यांग अपत्यास वयाची अट नाही, पण माण-खटावच्या खेड्यातून पॉलिक्लिनिक गाठायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. सेवेतील परिचारिकेने अखेरचा दूरध्वनी तेथेच करायचा आहे.

यासाठी नवा कायदा नको. अल्पसेवा नियुक्ती संपवून ऐन उमेदीत बाहेर पडणाऱ्या लष्करी परिचारिका आहेत. त्यांना रुग्णालयांची भाषा येते आणि ठाण्यांची नावे पाठ असतात. बंगळुरूपासून आरंभ करण्यास दोन पदे, एक दूरध्वनी आणि एका सहीची गरज आहे.