'पडीक' कोणी ठरवायची?

वनस्पतितेलावर इंजिन चालते, हा शोध नवा नव्हे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. कच्चे तेल दाट असल्याने इंधनाची तोटी तुंबते. मिथेनॉलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की तीही अडचण दूर होते. तेव्हा प्रश्न तंत्राचा नाही, जमिनीचा आहे.

भारतात २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची शिफारस केली. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जाहीर केले. खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाने अखाद्य तेलाकडे वळावे, हे योग्यच होते. पण लागवड व्हायची कोठे? तर 'पडीक' जमिनीवर. सरकारी दप्तरातला हा शब्द मोठा सोयीचा आहे. ज्या गायरानात भूमिहीनाची शेळी चरते, जेथून त्याच्या घरचे सरपण येते, ते दप्तरात पडीकच असते! आणि मोगली एरंडाला शेळीही तोंड लावीत नाही.

पाण्यावाचून हे झाड जगते, परंतु भरघोस बी देत नाही. २००६ पासूनचा लिटरला २५ रुपये हा सरकारी खरेदीदर उत्पादनखर्चालाही पुरला नाही. २०१७ उजाडले तेव्हा मिश्रण १ टक्क्यापर्यंतही पोचले नव्हते.

२०१८ च्या धोरणात २०३० साठी ५ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. वापरलेले खाद्यतेल गोळा करण्याचा त्यातील मार्ग बरा आहे. परंतु लागवडीचा आराखडा पुन्हा निघालाच, तर गावातील कोणती जमीन पडीक, हे ग्रामसभेने ठरवावे. जिल्हा कचेरीने नव्हे.