उतरवलेल्या मोटारी : कायदा कडक, तपासणी सैल

मोटारीची उंची उतरवायची, चाके मडगार्डच्या कडेशी नेमकी जुळवायची आणि रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायचा, ही हौस गुळगुळीत रस्त्यांच्या देशांत रुजली. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात मात्र रस्ताच तिच्या विरोधात आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया कच्चा असेल तर डांबरी रस्ता उंचसखल होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असते; गावोगावचे अनेक गतिरोधक त्याहून उंच असतात.

ताणलेल्या टायरमध्ये धक्का सोसणारी बाजू तिरपी होते आणि रिमची कड उघडी पडते. खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. हवा कमी झाल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. मग धोका केवळ हौशी चालकाला राहत नाही, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारालाही असतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल रोखते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली.

परंतु खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर तिला नियमित योग्यता तपासणी नाही. तपासणीविना शिक्षेचा धाक कागदावरच राहतो.